साडेतीनच्या खाली

एकाच स्वयंपाकघरात दोन सख्ख्या भावांची दोन उलटी पथ्यं सांभाळायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. वहिनीवर ती आली होती आणि गेलं दीड वर्ष ती निमूटपणे सांभाळत होती. तिला आख्खी गल्लीच वहिनी म्हणायची. धाकटा दीर खालच्या दुकानातून दिवसातून चाळीस वेळा त्या नावाने हाक मारायचा, आणि त्याचा आवाज असा की समोरच्या फुटपाथवरच्या माणसानेही मान वर करावी. हे पूर्वीचं. आता एक जिना चढला तरी त्याला दम लागायचा.

दुकान फोटोंना फ्रेमा करून देण्याचं. थोरला गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, माप घ्यायचा; धाकटा काच कापायचा आणि पट्ट्या तिरक्या कापून कोपरे जुळवायचा. त्याने जुळवलेल्या कोपऱ्यात नखसुद्धा अडकत नसे. लग्न जमता जमता राहिलं, मग कोणी जमवायला गेलंच नाही, आणि तोही भावाच्या संसारातच आपला संसार मानून बसला. अशा माणसाची दोन्ही मूत्रपिंडं एकदम गेली. आठवड्यातून तीन दिवस त्याला हॉस्पिटलात मशीनवर झोपावं लागे. उरलेल्या दिवशी स्टुलावर बसून होतील तेवढे कोपरे जुळवायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की भावाचं एक मूत्रपिंड मिळालं तर हा माणूस पुन्हा उभा राहील. थोरला तिथल्या तिथे म्हणाला, "मी देतो. त्यात विचारायचं काय?" वहिनीला त्या दिवशी नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिने घरी येऊन त्याची दृष्ट तेवढी काढायची बाकी ठेवली. डॉक्टर म्हणाले की तुमच्या तपासण्या होईपर्यंत यांचं नाव दुसऱ्या रांगेतही घालून ठेवू, मेलेल्या माणसाचं मूत्रपिंड मिळतं त्या रांगेत. थोरल्याने हात झटकला. "रांगेत कशाला? मी आहे ना!"

मग त्याचं रक्त तपासलं आणि घोडं पेंड खायला लागलं. रक्तातलं पोटॅशियम दोन पॉइंट नऊ. साडेतीनच्या वर हवं. डॉक्टरांनी कारण सोपं सांगितलं: रक्तदाबासाठी तो जी पाण्याची गोळी घेतो, तिच्याने लघवी होते आणि लघवीबरोबर पोटॅशियम वाहून जातं. गोळी बंद करा, ही दुसरी घ्या, आणि रोजच्या जेवणातून पोटॅशियम भरपूर जाऊ द्या. आकडा जागेवर येऊन टिकला की पुढच्या तपासण्या.

"जेवणातून" म्हटल्यावर ते काम आपोआप वहिनीचं झालं. धाकट्याचं मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकत नव्हतं. जास्त साठलं तर हृदयच बंद पडायचं. म्हणून त्याचे बटाटे सोलायचे, बोटाच्या पेराएवढे कापायचे, दोन-तीन तास पातेलंभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी ओतायचं, नव्या पाण्यात उकडायचे, तेही पाणी ओतायचं. मग जे उरेल त्याला बटाटा म्हणायचं. केळी बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. आणि त्याच टेबलावर, त्याच वेळी, थोरल्यासमोर सालासकट भाजलेला बटाटा, पालक, राजमा, टोमॅटोचं सूप, वर दोन केळी, दुपारी नारळपाणी. पहिल्या महिन्यात तर वहिनीने धाकट्याच्या बटाट्यांचं पाणी फेकून न देता थोरल्याच्या सुपात घातलं. धाकटा हसून म्हणाला, "माझ्यातलं काढून दादाला, मग दादातलं काढून मला. हिशोब चोख आहे वहिनी तुमचा." तो तेव्हा हसायचा.

तीन महिन्यांनी आकडा आला तीन पॉइंट एक. पुढे पुन्हा दोन पॉइंट नऊ. पुढे तीन.

वहिनीला वाटलं, आपलंच कुठेतरी चुकतंय. तिने पालक आधी धुऊन मग चिरायला सुरुवात केली, भाजी कमी पाण्यात शिजवायला सुरुवात केली, एक शेंग वाया जाऊ दिली नाही. आहाराची माहिती सांगणाऱ्या बाईंकडे ती रोजचं जेवण लिहिलेली वही घेऊन गेली. त्या बाईंनी वही वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एवढं खाऊन घोड्याचंही वाढेल हो." वहिनीला ते लागलं. मग नवऱ्याचं का वाढत नाही? पोट मात्र वाढलं होतं. सहा किलोंनी. शर्टाची बटणं ओढ घेत होती आणि आकडा साडेतीनच्या खाली ठाण मांडून बसला होता.

वर थोरल्याची कुरकुर. "पुन्हा पालक? माणूस आहे का बकरी?" धाकटा शेजारी बसून आपला बेचव बटाटा गिळत असायचा. तो म्हणायचा, "खा रे दादा. मला बघायला तरी मिळतंय." एकदा त्याने केळ्याच्या सालाचा नुसता वास घेतला. वहिनी पाठमोरी आहे असं त्याला वाटलं, पण तिने बघितलं, आणि ताटं घासताना तिला रडू आलं.

दीड वर्षात धाकटा अर्धा झाला. मशीनवरून आला की भिंतीला धरून जिना चढायचा. कोणी भेटायला आलं की थोरला डोळे पुसायचा. "काय करू? मी तर ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला तयार आहे. हे मेलं पोटॅशियम वर येत नाही." लोक हळहळायचे. जाता जाता वहिनीकडे बघून एखादी बाई म्हणायचीच, "अगं, त्याला केळी दे की रोज."

मग एका सकाळी वहिनी धाकट्याची औषधं आणायला औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार जुना, ओळखीचा. त्याने औषधं पिशवीत भरली आणि वर आणखी चार पाकिटं ठेवली. "ही दादांची पाण्याची गोळी. परवा आले होते तेव्हा संपली होती. आज माल आला. तुम्ही आलाच आहात तर घेऊन जा, त्यांची खेप वाचेल."

"ती गोळी दीड वर्षापूर्वीच बंद झालीये," वहिनी म्हणाली.

दुकानदार हसला. "बंद कुठली! दर पंधरा दिवसांनी नेतात. आता तर दिवसाला तीन झाल्यात म्हणाले."

वहिनीने पिशवी उचलली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती दीड वर्ष पालकात, राजम्यात, पाण्याच्या मापात दोष शोधत होती, आणि दोष तिच्याच बिछान्यात शेजारी घोरत होता.

धाकटा त्या दिवशी मशीनवर होता. दुकानात थोरला एकटाच, कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोला काच बसवत होता. वहिनीने चारही पाकिटं त्या काचेवर ठेवली.

आधी त्याने रस्त्याकडे बघितलं, कोणी गिऱ्हाईक येतंय का म्हणून. कोणी येत नव्हतं.

"दीड वर्ष," ती म्हणाली. "दीड वर्ष मी तुम्हाला वरून भरवतेय आणि तुम्ही खालून सोडून देताय?"

"हळू बोल."

"का हळू? तिकडे सुया टोचून घेत पडलाय तो. त्याला ऐकू जाणार नाही."

थोरल्याने पट्टीचा तुकडा हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मग एकदम लहान मुलासारखा बोलला. "मला भीती वाटते गं. पोट फाडतात. मी त्या दिवशी बोलून बसलो, घरी आलो आणि रात्रभर थरथरत होतो. तू घोरत होतीस."

"मग नाही म्हणायचं होतं!"

"नाही कसं म्हणू? सख्खा भाऊ आहे. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं." त्याने पाकिटांकडे बघितलं. "पहिला आकडा खरंच कमी आला होता, शपथ. तेव्हा किती बरं वाटलं मला. मला नाही म्हणावं लागलं नाही. आकडाच म्हणाला."

वहिनीला त्याचा राग आला, कीव आली, आणि पुन्हा राग आला, तो मात्र राहिला. भित्रा माणूस तिने समजून घेतला असता. भीती काय, कोणालाही वाटते. पण आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत याने त्या धाकट्याची केली होती. स्वतः देत नव्हता आणि "मी आहे ना" म्हणून त्याला रांगेतही उभं राहू देत नव्हता. त्या रांगेत दीड वर्षात कितीतरी नावं पुढे सरकली असतील.

"दोनच वाटा आहेत," ती म्हणाली. "आज संध्याकाळी त्याला सगळं खरं सांगा. नाहीतर गोळी सोडा आणि तपासणीला चला."

खरं सांगण्यापेक्षा त्याला पोट फाडून घेणं परवडलं. माणसं अशीच असतात. वहिनीने त्याच्या कपाटाचे, कोटाचे, दुकानातल्या गल्ल्याचे सगळे खण धुंडाळून गोळ्या काढल्या आणि मोरीत टाकल्या. दुकानदाराला जाऊन सांगितलं की याला पुन्हा एक जरी गोळी दिलीत तर दारात बसून ओरडेन.

सहा आठवड्यांत आकडा आला चार पॉइंट दोन.

धाकट्याने कागद तीनदा वाचला. "वहिनी!" अशी त्याने मारलेली हाक बऱ्याच महिन्यांनी रस्त्यापर्यंत गेली. त्या आठवड्यात तो स्टुलावर जास्त वेळ बसला. बरा झाल्यावर कोणाच्या रखडलेल्या फ्रेमा आधी द्यायच्या याची यादी करू लागला. थोरला त्याच्याकडे न बघता काच पुसत राहायचा. वहिनी मनात म्हणायची, होऊ दे, एकदा देऊन टाकू दे, मग याचं सगळं मी पोटात घालीन.

पुढच्या तपासण्यांचे कागद घ्यायला थोरला आणि वहिनी दोघंच गेली. डॉक्टर कागद उलटत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मूत्रपिंडांचं काम बरंच खाली आलंय. सुरुवातीच्या कागदांत असं नव्हतं. ती बंद केलेली गोळी चालू होती का?"

थोरल्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने त्याच्याकडे बघितलं.

"मधे मधे," तो म्हणाला. "चुकून."

"तीच नडली बहुतेक. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम इतके दिवस कमी राहिलं की मूत्रपिंडावर असा परिणाम होतो." डॉक्टरांनी कागद मिटले. "आता तुमचं घेता येणार नाही. तुमचं तुम्हालाच जपावं लागेल. पहिल्या वेळीच गोळी थांबली असती तर दोन-तीन महिन्यांत झालं असतं हो काम. धाकट्यांचं नाव आज रांगेत घालू. पण त्यांची तब्येत आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ऑपरेशन कितपत झेपेल, मला सांगता येत नाही."

वहिनी नवऱ्याकडे वळली. वाटलं, निदान आता तरी हा कोसळेल. थोरला मान खाली घालून बसला होता, पण त्याचे खांदे सैल सुटले होते. दीड वर्षात तिने ते इतके सैल कधी बघितले नव्हते. त्याने लांब श्वास सोडला. तो सुटकेचा होता, बायकोला कळणार नाही असा नव्हता.

घरी धाकटा दारातच उभा होता. थोरल्याने त्याला मिठी मारली आणि रडला, खरोखरचा रडला. "नाही म्हणाले रे. मी तयार होतो. तू बघितलंस ना, आकडासुद्धा आणला होता वर. माझीच खराब झालीत म्हणाले."

धाकट्याने त्याला खुर्चीवर बसवलं. स्वतः भिंतीला टेकून, दम खात, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "जाऊ दे दादा. तू करायचं ते सगळं केलंस. एवढं कोण करतं?"

वहिनीच्या जिभेवर सगळं आलं होतं. गोळ्या, दुकानदार, ती चार पाकिटं. तिने तोंड उघडलं. पण धाकट्याच्या चेहऱ्यावर, इतक्या वाईट बातमीनंतरही, काहीतरी निवलेलं होतं. त्याला मूत्रपिंड मिळालं नव्हतं, पण भाऊ मिळाला होता. तो काढून घेतला तर त्याच्यापाशी उरणार काय? तिने तोंड मिटलं, आणि आता ते मिटलेलंच ठेवावं लागणार हे तिला तेव्हाच कळलं.

धाकटा तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते.

"वहिनी, आता त्याच्याकडे नीट बघा हं," तो म्हणाला. "माझ्यापायी त्याने स्वतःची मूत्रपिंडं घालवली."

थोरला मान वर करेना.

"बघते, भाऊजी," वहिनी म्हणाली.