बिजागरीला तेल घालू नका

मी मागचा दरवाजा बोलतोय. हो, स्वयंपाकघरातून अंगणात उघडणारा. पुढच्या दरवाजाच्या वाट्याला पाहुणे येतात. माझ्या वाट्याला ठकी आली.

मला घडवलं ते घरधन्यानेच. तो सुतार. लोकांची कामं उरकून त्याने स्वतःसाठी एकाच खोडाच्या फळ्या राखल्या, रेषेला रेष जुळवली आणि रंधा मारून मला इतकं गुळगुळीत केलं, की बायको म्हणाली, "अहो, माझ्या गालावरून कधी एवढ्या मायेने हात नाही फिरवलात!" तेव्हापासून मी जरा फुगूनच असतो. ओल्या दिवसांत तर कडीही लागत नाही.

मग ही पिवळ्या पट्ट्यांची, गोलमटोल मांजर, ठकी आली. आत असली की तिला बाहेर जायचं असतं, बाहेर असली की आत यायचं असतं. दार उघडलं, की ही बया उंबरठ्यावर बसून शेपटी चाटत विचार करणार, जावं की राहू द्यावं. घाई केलीत, तर अशी बघते, की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

सुतार दिवसभर कारखान्यात. ठकीसाठी उठबस करायची ती बाईने, म्हणजे त्याच्या बायकोने. उठताना तिचे गुडघे कुरकुरायचे आणि उघडताना माझी बिजागरी.

"अहो, दाराला खाली एक भोक पाडा ना. माझे गुडघे कामातून गेले."

"ह्या दरवाजाला करवत? जीव गेला तरी नाही! लाड तू करतेस, तूच निस्तर."

मला हायसं वाटायचं. बाईचं मात्र वाईट वाटायचं.

शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बरं वाटेपर्यंत बाई लेकीकडे राहिली. ठकीसाठी सुताराने काम घरी आणलं. रंधा हातात घेतला, की म्याव. सरसाने हात बरबटले, की म्याव. उठून उठून त्याची कंबर धरली.

"दिवसभर हेच करत होती होय ही?" तो माझ्याकडे बघून पुटपुटला आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. उठला तो करवत घेऊनच.

दुखलं. खोटं कशाला बोलू? पण डोळे त्याचेही पाणावले होते. "डोळ्यांत भुसा गेला," असं त्याने ठकीला सांगितलं.

आता गंमत ऐका. झोपलेल्या ठकीचं माप त्याने फळीचं घ्यावं तसं घेतलं, लांबी, रुंदी, जाडी. आणि भोक पाडलं ते अगदी तंतोतंत! सांधा घट्टच बसायला हवा, हेच हाताला ठाऊक. मांजर जेवल्यावर फुगते हे कोण लक्षात घेणार? ठकीने डोकं घातलं, दोन्हीकडे मिशा टेकल्या, तशी ती मागे फिरली. शेजारचा हडकुळा बोका मात्र त्यातून सर्रकन आत आला आणि दूध पिऊन गेला. तो रोज येतो.

बाई काठी टेकत घरी आली. भोकाकडे बघतच राहिली. "माझ्यासाठी कापलात?"

"छे! मांजरीसाठी," सुतार म्हणाला. सपशेल खोटं.

तेवढ्यात ठकी भोकाच्या पुढ्यात बसून ओरडली. बाईने काठीला हात घातला.

"बस तू. मी उघडतो."

आता तोच उठतो. कंबरेवर हात ठेवून, ठकीला शिव्या घालत, पण उठतो. परवा तेलाची बुधली घेऊन माझ्यापाशी आला, तर बाई आतून म्हणाली, "राहू द्या हो. मी पडलेली असते ना, तेव्हा ती कुरकुर ऐकली की बरं वाटतं. माझ्याऐवजी तुम्ही उठलात, हे कळतं."

बुधली परत फळीवर गेली.

तेव्हा ह्या घरी कधी आलात, तर माझ्या भोकाला खुशाल हसा. पण कुरकुर ऐकून तेवढं तेल सुचवू नका.