पुलाखालची दाढ

हवामान खात्यात नोकरी लागल्यापासून घरात तिला सगळे 'वेधशाळा'च म्हणत. हे नाव थोरल्या भावाने, दादाने, ठेवलं होतं आणि ते काही लाडाने नव्हे. ती पाऊस म्हणाली की दादा छत्री घरी ठेवायचा, ऊन म्हणाली की रेनकोट चढवायचा. "लहानपणी हिला डावा बूट कुठला नि उजवा कुठला कळत नव्हतं, ही ढगांचं काय सांगणार?" असं तो गिऱ्हाइकांनाही ऐकवी. त्याचं सोफ्यांचं दुकान रस्त्याला लागून, गोदाम खाली तळघरात आणि तळघराच्या भिंतीपलीकडे नाला.

त्या दिवशी सकाळपासून नुसता घामाच्या धारा काढणारा उकाडा होता. दुपारी रडारवर टेकडीच्या डोक्यावर एक ढग दिसला. बघता बघता तो फुगला आणि वारा पडलेला असल्याने तिथून हलायचं नाव घेईना. वळिवाचा ढग पुढे सरकत राहिला तर बरा. एका जागी ठाण मांडलं की सगळं पाणी एकाच नाल्यात ओततो. तिने रीतसर इशारा काढला: गडगडाटी पाऊस, नाल्याला अचानक पूर, पुलाखालचा रस्ता टाळा. नगरपालिका, अग्निशमन दल, रेडिओ, सगळ्यांना कळवलं. मग दादाला फोन लावला.

"दादा, तळघरातले सोफे वर घे. पाणी शिरणार आहे."

"बरं झालं सांगितलंस," दादा खूश होऊन म्हणाला. "नवा माल कुठे ठेवावा या विचारात होतो. आता बिनघोर खाली ठेवतो."

तिने कपाळाला हात लावला. जरा वेळाने पुन्हा फोन केला.

"दादा, चुकले रे. नकाशा उलटा धरला होता. आज थेंबसुद्धा पडणार नाही. कोरडं ठणठणीत!"

पलीकडे लगेच दादा दुकानातल्या माणसांवर ओरडला, "हातातलं सोडा! सोफे वर घ्या! वेधशाळा कोरडं म्हणतेय!"

ती गालातल्या गालात हसली आणि कामाला लागली. खोटं बोलल्याची रुखरुख होती, पण सोफे तरी वाचणार होते.

पुलाखाली किती पाणी चढलंय हे दाखवणारा एक कॅमेरा होता. पाऊस कोसळायला लागल्यावर शेजारच्या टेबलावरचे काका त्यावर डोळा ठेवून होते.

"अगं, पुलाखाली एक माणूस दात घेऊन उभा आहे."

"दात?"

"दाढ म्हण. चांगली कलिंगडाएवढी आहे."

तिने पाहिलं. अर्धी बुडालेली एक गाडी, तिच्या टपावर ॲप्रन घातलेला माणूस आणि त्याच्या छातीशी धरलेली पांढरीशुभ्र दाढ. दाढ तिने ओळखली नाही. पोट ओळखलं. तो तिचा नवरा होता.

नवरा केक बनवायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनासाठी त्याने दाढेच्या आकाराचा केक केला होता, खाली मुळांसकट. काकांनी तातडीने अग्निशमन दलाला फोन केला, तिने नवऱ्याला. त्याच्या कानात इयरफोन होता म्हणून निभावलं.

"अरे, तू तिथे कसा? रेडिओवर इशारा ऐकला नाहीस?"

"ऐकला ना! लांबच्या रस्त्याने निघालोही होतो. पण वाटेत दादा भेटला. म्हणाला, वेधशाळा स्वतः म्हणाली, थेंबसुद्धा नाही. रेडिओवाल्यापेक्षा मी बायकोवर विश्वास ठेवला."

"ते मी दादाला सांगितलं होतं!"

"मग दादाचं हवामान वेगळं आणि माझं वेगळं?"

"विजा चमकताहेत, खाली बस!"

"बसलो तर मुळं मोडतील."

"मोडू देत! बस म्हणते ना!"

तो बसला. एक मूळ मोडलं. त्याचा "आई गं" ऐकून तिला वाटलं, त्याच्यावरच वीज पडली. तेवढ्यात अग्निशमन दलाची रबरी होडी आली. नवरा म्हणाला, "आधी ही घ्या." जवानाने ती अलगद घेतली आणि वायरलेसवर गंभीरपणे कळवलं, "दाढ काढली. आता पेशंट काढतो."

ढग रिता झाल्यावर ती धावतच तिथे पोचली. नवरा बंबाच्या पायरीवर निथळत बसला होता.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "माझ्या कामात हे बसत नाही. पुन्हा नाही बोलणार. सोफे बुडाले तरी चालतील."

"मला सांगताना तरी नको," तो म्हणाला आणि तिचा हात धरला.

इतक्यात दादा आला, नखशिखांत कोरडा. तिने त्यालाही सगळं सांगून टाकलं.

"तू खोटं बोलतेयस हे मला माहीतच होतं," दादा म्हणाला. "म्हणून तर सोफे वर घेतले!"

नवऱ्याची गाडी बंद पडली होती. तेव्हा दादाच्याच टेम्पोत, सोफ्यावर बसून, मधोमध दाढ घेऊन तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला, चिखलाचा काळा डाग पाहिला, मोडलेल्या मुळावरून बोट फिरवलं.

"कीड वरवरची आहे," त्या म्हणाल्या. "आतून ठीक निघेल."

आणि त्यांनी सुरी मागवली.