मुर्यानीचं नाक

मुर्यानीने मनात बिस्मिल्ला म्हटलं, बरणीचं झाकण काढलं आणि नाक आत घातलं. काहीच नाही. बरणीत नुसती हवा.

"किती?" लांब, दाराबाहेर वही घेऊन बसलेल्या लास्मीने विचारलं.

"शून्य." मुर्यानीने लगेच झाकण लावलं.

"बू मुर, या नाकाचा विमा काढा हं! एकदा हुंगलं की निकाल. आम्ही आपल्या मांजरासारख्या दहादा हुंगत बसतो."

इंडोनेशियातल्या मोजोकर्तोच्या त्या कारखान्यात, जिथे बाईला 'बू' आणि साहेबाला 'पाक' म्हणत, पुठ्ठ्यावर पांढरा, गुळगुळीत लेप चढवत. त्यावर छपाई झळकायची खरी, पण लेपातला डिंक कधी आंबे आणि तो वास खोक्यातल्या खाण्याला लागे. म्हणून प्रत्येक घाण्याचे तुकडे दिवसभर बरणीत कोंडायचे आणि मुर्यानीने हुंगायचे. वास नसेल तर शून्य, सोसवेना इतका असेल तर चार. एकोणीस वर्षं तिच्या आकड्यावर ट्रक सुटत होते.

आणि मेला ताप आला, तो नऊ दिवसांपूर्वी जाताना नाकच घेऊन गेला. परवा तव्यावर तेरासीची, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी जळून कोळसा झाली. सगळ्या गल्लीला ठसका लागला, शेजारीण बोंबलत आली, तेव्हा हिला कळलं! सांगायचं कुणाला? घरात कमावणारी ती एकटी. नाक गेलेल्या बाईला इथे कोण ठेवून घेणार? रोज ती अंदाजाने आकडे ठोकत होती आणि कुणी हाक मारली तरी दचकत होती.

तेवढ्यात खात्याचे साहेब, पाक हार्सोयो, दारात आले. "बू मुर, बाराव्या घाण्याचं काय?"

"शून्य, पाक."

"सुटलो बुवा! नवा डिंक वापरलाय, मला धाकधूक होती. तान्ह्या पोरांच्या दूध पावडरीची खोकी व्हायचीत त्याची. पण तुम्ही शून्य म्हणालात ना, मग झालं. ट्रक भरून उभाच आहे."

साहेब गेले. त्यांनी संशय घेतला असता तरी परवडलं असतं. मुर्यानीने झाकण काढून पुन्हा बरणीत नाक खुपसलं, कड रुतेपर्यंत. काही नाही. बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती झाकण लावून बरणी हातात घेऊनच धावली.

"पाक! थांबवा! ट्रक थांबवा!"

"काय झालं? कसला वास येतोय?"

"कसलाच नाही." तिने बरणी पुढे केली. "नऊ दिवस कसलाच येत नाही, पाक. मी अंदाजाने सांगत होते."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हार्सोयोंनी गोदामाकडे बघितलं.

"नऊ दिवसांचा माल?"

"सगळा गोदामातच आहे. हा पहिलाच निघाला होता."

"तुमचं काय करायचं ते वरचे ठरवतील, बू." त्यांनी मान वळवली. "लास्मीला बसवा."

लास्मी घाबरत घाबरत स्टुलावर टेकली. झाकण निघताच तिचं तोंड वाकडं झालं. "ई गं! आंबलंय की हे!"

"घाई करू नकोस. श्वास सोड. आता परत घे. किती?" मुर्यानीने विचारलं.

"तीन... नाही, चार."

मुर्यानीने वही ओढली. मघाचं शून्य खोडून चार लिहिला, आणि हुंगणाऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लास्मीचं नाव घातलं.