वाढत्या अंगाचा पोशाख

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला की टेपमावशीच्या शिलाईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. गळ्यात कायम टेप, म्हणून साऱ्या वस्तीची ती टेपमावशी. फक्त भावाच्या मुलीची, बुटकीची, ती आत्या. त्या दिवशी बुटकीच्या गणवेशाचं माप घेऊन तिने जाड वहीतल्या बुटकीच्या पानावर लिहिलं : इयत्ता सातवी, खांदा अकरा, कंबर एकवीस.

"आत्या, यंदा तरी मी वाढले का गं?"

"वाढलीस की. जीभ वाढली."

तीन आठवड्यांनी त्याच पानावर, त्याच मापाखाली तिला लिहावं लागलं : लग्नाचा पोशाख, दाब दोन इंच.

झालं होतं असं. दोन देशांमधल्या नदीवर मोठा पूल होणार होता. पैसा परदेशी बँकेचा, करार दोन्ही सरकारांचा. काठावरची वस्ती उठवायची आणि प्रत्येक विवाहित जोडप्याला पक्कं घर द्यायचं, असा करारातला नियम होता. नियम भल्याचाच, पण त्याची माती करायला एक लबाड माणूस पुरतो. नोंदणीच्या साहेबांना वस्ती सोडायच्या संमतीच्या सह्या झटपट हव्या होत्या. ते हसत म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत जितकी लग्नं, तितकी घरं. वयाचं मी बघतो."

वस्तीत लग्नांचा सपाटा सुरू झाला. आया पोरींना घेऊन येत आणि सांगत, "वाढत्या अंगाचा शिव गं." म्हणजे शिवणीच्या आत जादा कापडाचा दाब ठेवायचा, पुढे उसवून सैल करता येईल असं. अकरा पोशाख झाले. बाराव्यासाठी सख्खा भाऊ दारात उभा राहिला.

"दादा, पोर तेरा वर्षांची आहे रे!"

"शेजाऱ्याचा मुलगा चांगला आहे. आमच्या दोन घरांची तीन होतील. तू शिवतेस की बाहेर देऊ?"

तिने शिवला.

वर्षभरात बुटकीला दिवस गेले. तिच्या बाळासाठी टेपमावशी झबलं बेतायला बसली. पुलाची माहितीपुस्तिका घरोघर वाटली होती. ती कुणी वाचली नव्हती, पण कागद जाड म्हणून मावशी त्यातूनच कपड्यांचे कागदी नमुने कापायची. त्या दिवशी मात्र कात्री एका ओळीवर थांबली. प्रकल्पामुळे लहान मुलांना इजा झाल्यास कोणीही थेट बँकेकडे तक्रार करू शकतो, आणि ती खरी ठरल्यास पुढचा हप्ता रोखला जाईल, असं तिथे लिहिलं होतं. मावशीने पान घडी करून ठेवलं. म्हणाली, बाळंतपण तर सुखरूप होऊ दे.

बाळंतपणात बुटकी गेली, बाळही गेलं. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता मावशीने तक्रार धाडली.

सुनावणीच्या सकाळी दादा आला. "गेलेली पोर परत येणार आहे का? मागे घे ती तक्रार. हप्ता थांबला तर माझं घर जाईल, तुझंही जाईल."

"माझं खुशाल जाऊ दे. पण तिच्या जिवावर मिळणाऱ्या घरात तू सुखाने झोपणार? मी जिवंत असेपर्यंत नाही, दादा."

शाळेच्या सभागृहात बँकेची तक्रार समिती बसली होती, शेजारी दुभाषी. साहेब ठासून म्हणाले, "सगळ्या मुली अठरा पूर्ण. पालकांच्या सह्या आहेत."

टेपमावशीने वही उघडली आणि दुभाष्याला एकेक पान वाचायला लावलं. वर गणवेश आणि इयत्ता, खाली लग्नाचा पोशाख. बारा पानं.

"साहेब, अठराव्या वर्षी सहावी-सातवीत? बाराच्या बारा पोरी इतक्या ढ?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. समितीच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "पोशाख कुणी शिवले?"

"मी. दोषींत पहिलं नाव माझं लिहा, दुसरं माझ्या भावाचं, तिसरं या साहेबांचं. एकही गाळू नका."

मग तिने पिशवीतून बुटकीचा पोशाख काढला आणि उलटा करून टेबलावर पसरला. दोन इंचांचा दाब होता तसाच होता. "वाढेल म्हणून ठेवला होता," ती म्हणाली. "आम्ही तिला वाढू दिलं नाही."

हप्ता रोखला गेला. साहेबांची नोकरी गेली, चौकशी मागे लागली. त्या बारा लग्नांवरची घरं रद्द झाली. बायकांनी मावशीच्या नावाने बोटं मोडली, कित्येकींनी शिवणं टाकायचं बंद केलं. दादाचं दार समोरच होतं. मावशीने तो पोशाख आपल्या खिडकीत टांगला, येता-जाता त्याला दिसावा म्हणून. तो मान खाली घालून जायचा, आणि ते बघून तिला बरं वाटायचं. हे ती लपवत नसे.

पुढच्या वर्षी परगल्लीतली एक आई मुलीचा हात धरून आली. "लग्नाचा पोशाख हवाय. वाढत्या अंगाचा शिवा."

"माप घेते," टेपमावशी म्हणाली. "पण ते बँकेच्या समितीकडे पाठवते, ठाऊक आहे ना?"

बाईने खिडकीकडे पाहिलं आणि मुलीला ओढत बाहेर काढलं. ती गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मावशीने वही उघडली होती. चाळीस वर्षं शिवणाऱ्या हाताला टेप लागतेच असं नाही. तिने तारीख घातली आणि नजरेनेच घेतलेलं माप लिहून काढलं : खांदा साडेदहा, कंबर वीस.