मागाची माडी विकणे आहे

मी एक जुनी माडी आहे, मित्रांनो. निदान गेल्या वर्षापर्यंत होते. आता माझे नाव 'लॉफ्ट' झाले आहे आणि खाली दाराशी माझा रंगीत फोटो लावला आहे. नागपूरच्या ऐतिहासिक महाल भागात सागवानी तुळयांचे, ऐसपैस, सर्व सोयींनी युक्त घर विकणे आहे, असे त्याखाली लिहिले आहे. फोटोत मी छान दिसते, हे खोटे कशाला बोलू? तुम्हाला वाटेल, हिला कसले आले दुःख, हिला सुख बोचते आहे. तरी दोन घटका बसा आणि माझे ऐका.

माझी जन्मतारीख मला ठाऊक नाही. ती सांगणारी माणसे आता राहिली नाहीत. खाली सुताचे दुकान होते आणि त्या दुकानदाराने विणकरांना बसायला वर मला बांधले, एवढे ऐकून आहे. सागाच्या तुळया, वर कवेलू म्हणजे कौले, आणि उत्तरेला सहा खिडक्या. उत्तरेकडून ऊन आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा राहतो, आणि विणकराला तोच लागतो. जाहिरातीत त्याच खिडक्यांपुढे 'खास चित्रकारांसाठी' असे लिहिले आहे. चित्रकार काही माझ्याकडे कधी फिरकला नव्हता.

माझ्या पोटात तेव्हा सहा हातमाग होते. सकाळी आठला त्यांची खटखट सुरू झाली की खाली गल्लीत माणसे आवाज चढवून बोलत. सुताचा भुगा उडे आणि माझ्या तुळयांवर बसे. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तो झाडला जाई. मी फार कुरकुरत असे. आज इतकी स्वच्छ आहे की करमत नाही.

आमच्याकडे एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि त्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावते ते लाकडी होडके म्हणजे धोटा. विणकर काम अर्धे टाकून उठला, मग तो चहाला जावो की परगावी, तर धोटा ताण्याच्या धाग्यांतच ठेवून जायचा. त्याचा अर्थ असा की काम चालू आहे, माणूस परत येणार आहे, कोणी हात लावायचा नाही. काम संपले की धोटा कोनाड्यात. पंधरा दिवसांनी परतलेल्या माणसालाही आपला माग जसाच्या तसा सापडे. शेजारच्या मागावरच्याशी त्याचे हाडवैर असले तरीही सापडे.

पुढे यंत्रमाग आले. कापड स्वस्त झाले आणि माझ्याकडची माणसे एकेक करून जिना उतरली. कोणी रिक्षा धरली, कोणी दुकानात कामाला लागले. दुकानदाराच्या मुलांनी सुताचा धंदा बंद केला. कवेलू फुटले, पारव्यांनी घरटी केली. शेवटी एकच माग उरला आणि त्यावर गोविंदा.

गोविंदा करवतकाठी पातळे विणायचा. करवतीच्या दातांसारखा काठ, दोन्ही बाजूंनी सारखा, एकही दात चुकायचा नाही. त्याची बायको सिंधूताई माझ्या खिडकीशी बसून कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. दोघांचे बोलणे थोडे आणि भांडण गोड.

"किती हळू भरून राहिली वं? माग थांबला ना माहा," तो म्हणायचा.

"मंग तुमीच भरा न् तुमीच विणा जी," ती म्हणायची आणि मुद्दाम आणखी हळू भरायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचे, मयुराचे, लग्न ठरले. त्या घरात लेकीबाळींनी घरचे विणलेलेच पातळ नेसून बोहल्यावर उभे राहायचे असा दंडक होता. गोविंदाने मोरपंखी ताणा लावला, काठाला लाल. सिंधूताईने टोपलीभर कांड्या भरल्या. टोपली भरली आणि ती आजारी पडली. मार्गशीर्षात गेली. मयुराचे लग्न वर्षभर पुढे ढकलले.

त्यानंतर गोविंदा फार हळू विणू लागला. हात थकले म्हणून नव्हे. एक कांडी रिकामी झाली की सिंधूताईच्या हातचे तेवढे सूत संपे. रिकामी कांडी तो बराच वेळ हातात धरून बसे. मला ते बघवत नसे.

याच सुमारास आमची इमारत ओमप्रकाश नावाच्या व्यापाऱ्याने घेतली. माणूस वाईट नाही. तो वर आला, पातळ पाहिले आणि म्हणाला, "काका, तुम्ही आरामसे विणा. हे पूरं होऊ द्या, मग बाकीचं पाहू." पातळ चार हात बाकी असताना गोविंदाच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. दीड महिना मागावर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. गोविंदाने धोटा ताण्यात ठेवला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि तो जिना उतरला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. माझ्याकडे त्याची कधी गरजच पडली नव्हती.

काका येईनासे झाले, म्हणजे पातळ झाले असेल, असे ओमप्रकाशने धरून चालले. त्याने मला सजवायचे काम सदर भागातल्या रितिकाकडे सोपवले. रितिका हुशार आणि हळवी मुलगी. सुतार मागाचे सरपण करायला निघाला होता, त्याला तिनेच अडवले. "हे फेकायचं नाही. या जागेचा जीव आहे हा," ती म्हणाली. मला वाटले, माग वाचला! मग ती बराच वेळ त्या अर्धवट पातळाकडे पाहत बसली आणि तिने कात्री मागवली.

मित्रांनो, कापण्याआधी तिने पातळाच्या सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या. इतक्या प्रेमाने कोणी कोणाचे नुकसान करताना मी पाहिले नव्हते. माझ्या तुळया करकरल्या. सुतार म्हणाला, "लाकूड तापून राहिलं, मॅडम." ताण्याचे धागे एकदम सैल पडले. धोट्यासकट ते कापड तिने मोठ्या फळीवर चिकटवून काचेच्या चौकटीत बसवले आणि भिंतीवर लावून त्यावर दिवा सोडला. मागाच्या लाकडाचे जेवणाचे टेबल झाले. उरलेल्या कांड्या काचेच्या वाडग्यात घालून त्यावर मांडल्या.

एका सकाळी दहाच्या सुमारास गोविंदा आला. डोळ्यांवर काळा चष्मा, सोबत मयुरा, तिच्या हातात डबा. म्हणजे तो दिवसभर विणायच्या तयारीने आला होता.

"बाई, इथं माग होता," तो म्हणाला.

"आहे ना आजोबा!" रितिकाने कौतुकाने टेबलावर हात ठेवला. "सगळं लाकूड त्याचंच आहे."

"अन् पातळ?"

"माह्या लग्नाचं पातळ," मयुरा म्हणाली. "आबाजी विणून राहिले होते. चार हातच बाकी होतं."

रितिकाने भिंतीकडे पाहिले. तिने स्वतः चौकट उतरवली, काच काढली. मयुराने एक कोपरा सोडवून पाहिला. गोंद पक्का होता. कापड टरकन फाटले.

"नको वं," गोविंदा म्हणाला. "फाटते."

"मला वाटलं कोणीतरी सोडून गेलंय," रितिका रडत म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही, आजोबा."

"पण धोटा आत होता ना?"

"तो तसाच ठेवलाय मी. किती सुंदर दिसतो!"

हिला काही म्हणता काही ठाऊक नाही, हे गोविंदाला तेव्हा कळले.

"पोरी, धोटा आत असला म्हणजे माणूस परत येणार असते," तो हळूच म्हणाला. "तुले कसं माहीत असन! रडू नको. माहीच चूक झाली. चिठ्ठी लिहून ठेवाले पाहिजे होती."

"आबाजी, दुसरं विणू आपण," मयुरा म्हणाली.

"दुसरं विणता येते, बाई. पण सूत तुह्या आजीनं भरलं होतं."

रितिकाने वाडग्यातल्या कांड्या त्याच्या पुढे केल्या. मयुराने त्या ओढणीत बांधून घेतल्या. डबा न उघडताच दोघे गेले. गोविंदा जिन्याच्या कठड्याला धरून उतरला. पूर्वी त्याला कठडा लागत नसे.

मयुराचे लग्न झाले. पातळ दुकानातले होते, असे गल्लीतल्या बोलण्यावरून कळले. रितिकाला ती चौकट पुन्हा लावायची नव्हती, पण जाहिरातीचे फोटो छापून झाले होते, म्हणून चौकट भिंतीवर परत गेली. गिऱ्हाइके येतात, चौकटीपुढे थांबतात आणि विचारतात, "हे अर्धंच का?" दलाल सांगतो, "साहेब, अर्धवट ठेवायची पद्धतच होती जुन्या लोकांची." मला तोंड असते तर!

मला जे कोणी घेतील, त्यांना मी सुखात ठेवीन. माझा उजेड अजून चांगला आहे. मित्रांनो, मागणे एवढेच आहे की जुन्या जागेत कात्री नि करवत घेऊन शिरण्याआधी जरा खाली उतरा आणि शेजारीपाजारी विचारा, इथे कोण बसत होते? ते परत येणार आहेत का? गोविंदाचे घर माझ्यापासून तीन गल्ल्यांवर आहे. खालच्या पानवाल्यालाही ते ठाऊक होते. कोणी पाच मिनिटे चालत गेले असते, तर तो घरीच भेटला असता, डोळ्याला पट्टी बांधून दारात बसलेला, दीड महिना कधी सरतो याची वाट पाहत.