न थरथरणाऱ्या हाताची प्रस्तावना

माझ्या थोरल्या मेहुणीबाईंच्या मते पुस्तकाची परीक्षा डोक्याने होत नाही, पायांनी होते. भयकथा मोठ्याने वाचायची आणि ऐकणाऱ्यांचे पाय बघायचे. पाय जमिनीवर राहिले तर कथा नापास. हळूहळू खुर्चीवर चढले तर पास. खुर्चीखालच्या जागेवरचा माणसाचा विश्वास उडाला पाहिजे, एवढीच ताईंची साहित्याकडून अपेक्षा.

ही परीक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारी ताईंच्या यजमानांच्या दवाखान्यात व्हायची. यजमान दातांचे डॉक्टर, नात्याने माझे साडू. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरपूर, आणि त्यांना घाबरलेल्या माणसांची सवय. भिंतीवर उभ्या कापलेल्या दाढेचं चित्र. कोपऱ्यात काचेची टाकी आणि तिच्यात एक मासा, जो इतक्या भयकथा ऐकून वाढला होता की सहसा दगडामागेच असायचा. श्रोते म्हणजे मी, माझी बायको आणि गल्लीच्या टोकाचा कुलूपवाला. डॉक्टरही असायचे, पण कथेत पायऱ्या वाजायला लागल्या की त्यांना आतल्या खोलीतलं कुठलं तरी यंत्र पुसायचं आठवायचं.

"मला हे पोरकट वाटतं," असं ते दारातून, पाठमोरे सांगायचे.

कुलूपवाला पाय वर घेण्यात सगळ्यांत सढळ. पण धंद्यातली शंका त्याला सोडत नसे.

"दार आतून बंद होतं म्हणता, ताई. कुलूप कुठल्या पद्धतीचं?"

"भुताला कुलूप आडवं येतं का?"

"भुताला नाही हो. पण लेखकाने चौकशी करायला काय हरकत होती?"

ताईंची मतं पक्की होती. भूत असावं, पण त्याने आपण भूत का झालो हे सांगत बसू नये. दुःख सांगायला लागलेलं भूत पाहुण्यासारखं उठता उठत नाही. वाड्यातल्या भुतापेक्षा फ्लॅटमधलं भूत चांगलं, कारण त्याला लपायला जागा कमी आणि त्यामुळे लेखकाला कष्ट जास्त. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: भयकथेचा लेखक प्रामाणिक असतो. "मी थापा मारणार आहे, घाबरायचं तर घाबरा," असं तो पहिल्या पानावरच कबूल करतो. आत्मचरित्रवाला खरं बोलण्याची शपथ घेतो आणि मग पानापानावर लहानपणापासून शहाणा असतो.

"आत्मचरित्रातला माणूस कधी घाबरलेला पाहिलाय?" ताई विचारायच्या. "परीक्षेला घाबरत नाही, लग्नाला घाबरत नाही. फार तर एकदा पावसात भिजतो."

अशा बाईच्या नवऱ्याने आत्मचरित्र लिहिलं.

हस्तलिखित त्यांनी ताईंच्या मांडीवर ठेवलं. वर नाव होतं 'न थरथरणारा हात'. ताईंचा चेहरा उजळला.

"अय्या, भयकथा? तुम्ही?"

"आत्मचरित्र आहे," डॉक्टर म्हणाले. "प्रस्तावना तू लिहायचीस."

हे 'लिहायचीस' फार गुंतागुंतीचं होतं. डॉक्टरांनी दात काढता काढता निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं की प्रस्तावना आमची ही लिहिणार. तोंड उघडं असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे सगळ्यांनी ते मान्यही केलं होतं. छापखान्यात पुस्तक जुळवून तयार होतं. पुढचं एक पान कोरं ठेवलं होतं, आणि ते भरल्याशिवाय यंत्र फिरणार नव्हतं.

"लिहीन," ताई म्हणाल्या. "पण नियम तोच. वाचा. कुणा एकाचे तरी पाय वर गेले पाहिजेत."

"आत्मचरित्रात मी भूत कुठून आणू?"

"भूत नको. पुस्तकात तुम्ही या फक्त."

पुढच्या बैठकीला डॉक्टर कोट घालून आले. कुलूपवाला पुस्तकाच्या नावावर जाऊन आधीच एक पाय वर घेऊन बसला होता. डॉक्टर वाचू लागले. लहानपणी ते अंधाऱ्या जिन्याने एकटे जात. कॉलेजात इतरांचे हात कापत, त्यांचा कापत नसे. पहिला दात त्यांनी असा काढला की पेशंटने उठून, "सुरू कधी करणार?" असं विचारलं. कुलूपवाल्याने पाय हळूच खाली सोडला. थोड्या वेळाने तो झोपला. मासा दगडामागून बाहेर आला आणि निर्धास्तपणे फिरू लागला.

"मासाही नापास करतोय," माझी बायको म्हणाली. "ताई, तू जरा सैल सोड ना. नवरा आहे तुझा."

"म्हणूनच. परक्याचं असतं तर लिहिलं असतं काहीबाही."

त्या संध्याकाळी साडूंनी मला गाठलं. मी वर्तमानपत्रात उभं आयुष्य लोकांची टर उडवत काढलेलं, त्यामुळे मला लिहिण्यातलं कळतं असा त्यांचा समज.

"एखादं भूत घालू का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"घाला की," मी म्हणालो. मला खरोखर बघायचं होतं काय होतं ते.

पुढच्या दुपारी नवं प्रकरण आलं. एक पेशंट. पांढराफटक. खुर्चीत बसला, तोंड उघडलं. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला, तर आरशात दात नाहीत, जीभ नाही, काहीच नाही. डॉक्टरांनी इथे थांबून सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. कुलूपवाल्याचे अंगठे किंचित हलले होते.

"चूळ भरली का त्याने?" ताईंनी विचारलं.

"काय?"

"तपासल्यावर तुम्ही चूळ भरायला सांगता. त्याने भरली का?"

"भरली असेल."

"मग पाणी कुठे राहिलं? तोंडात तर काही नव्हतं."

कुलूपवाल्याचे अंगठे शांत झाले. "मुद्दा आहे," तो म्हणाला.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी," डॉक्टरांनी कागदावर बघून वाचलं, "मुळीच डगमगलो नाही."

"बघा. भूत आणलंत आणि तरी स्वतः घाबरला नाहीत. मग आम्ही का घाबरायचं? आम्ही काय नोकर आहोत?"

डॉक्टर चिडले. चिडून त्यांनी चहाबरोबरच्या ताटलीतलं बिस्कीट उचललं. ते टणक बिस्कीट डॉक्टर कधी खात नसत. खाल्लं तर चहात इतका वेळ बुडवून ठेवत की शेवटी ते चमच्याने शोधावं लागे. साखर दातांना वाईट, हे कारण आम्हाला ठाऊक होतं. आज रागाच्या भरात त्यांनी ते कोरडंच, उजव्या बाजूने, कडकन चावलं.

जो आवाज आला तो मी कुठल्याही भयकथेत ऐकलेला नाही. मासा दगडामागे गेला.

डॉक्टर गाल धरून बसले होते. ताईंनी शांतपणे कप त्यांच्यापासून दूर सरकवला.

"दाढ," त्या म्हणाल्या. "खालची, उजवीकडची. आमचं लग्न झालं तेव्हा फक्त ठणकायची."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही लग्नाच्या जेवणातही एकाच बाजूने चावत होतात. हे आहे का पुस्तकात?"

"असल्या गोष्टी लिहीत नाहीत," डॉक्टर म्हणाले. मग, ताईंकडे न बघता, दाढेच्या त्या चित्राला उद्देशून म्हणाले, "मी आतल्या त्या खुर्चीत कधी बसलेलो नाही. एकदाही नाही. पुसायलासुद्धा मागून पुसतो."

आता कागद खाली पडले होते. डॉक्टर गालावर हात ठेवून बोलत होते, त्यामुळे आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

सकाळी पेशंट यायच्या आधी ते ड्रिल रिकामंच चालू करतात आणि अंगावरचे केस खाली बसेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहतात. काम करताना ते गुणगुणतात. लोक म्हणतात, डॉक्टर किती आनंदी. ते आवाज झाकायला गुणगुणतात, पेशंटसाठी नव्हे. आणि एका रविवारी, ताई माहेरी गेल्या असताना, त्यांनी ती दाढ स्वतःच काढायचं ठरवलं होतं.

"आरशासमोर उभा राहिलो. भुलीचं इंजेक्शन भरलं. लोकांना दिलंय ते हजारदा, डोळे मिटून. पण आरशात उजवं ते डावं दिसतं. सुई आत घातली, आणि हात..."

"हात काय?" कुलूपवाला म्हणाला. त्याचे दोन्ही पाय वर होते.

"आरशातला हात थरथरत होता. मला वाटलं, हा माझा नाही. मी थांबवायचा प्रयत्न केला. तो थांबेना. सुई गेली जिभेत."

माझ्या बायकोने पाय वर घेतले.

"जीभ बधिर झाली. तोंडात आहे की नाही कळेना. बोटाने शोधत होतो. दुसऱ्या हातात चिमटा तसाच. तेवढ्यात बेल वाजली. पेशंट. मी तसाच तोंडावर मास्क चढवला आणि त्याला म्हणालो, बसा. बोबडंच म्हणालो. तो बसला. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याला कळलं."

"काय कळलं?"

"की त्या खोलीत जास्त घाबरलेला कोण आहे ते."

माझ्या पोटऱ्यांना गार वाटलं. बघतो तर मी खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो. आणि ताईंनी, ज्यांच्या चपला आजवर कुठल्याही पिशाचासाठी जमिनीवरून हलल्या नव्हत्या, साडी सावरून दोन्ही पाय वर घेतले होते. एक चप्पल खाली राहिली होती आणि ती घ्यायला हात खाली घालायची त्यांची तयारी नव्हती.

"हे लिहा," त्या म्हणाल्या. "पहिलं पान हे."

"लोक हसतील."

"हसतीलच. तरी पाय वर ठेवून हसतील."

आता प्रस्तावना मिळाली असं वाटून डॉक्टरांनी कागद गोळा केले. पण ताई पुस्तक अर्धवट सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवट कळल्याशिवाय प्रस्तावना नाही, आणि शेवट तर अजून उजव्या गालात होता.

पलीकडच्या रस्त्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दातांचाच दवाखाना आहे. आत्मचरित्राच्या नवव्या प्रकरणात त्या सल्ल्यासाठी आमच्या साडूंकडे येतात. प्रत्यक्षात त्यांची भेट भाजीवाल्याकडेच काय ती व्हायची. दोघं साडू आणि ताई असे आम्ही निघालो. मी मागून चालत होतो, डॉक्टर वळले तर अडवायला. ते दोनदा वळले.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी ताईंचा हात धरला. ताईंनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना पान उलटायचं होतं. भूल चढेपर्यंत मन रमावं म्हणून त्यांनी एक भयकथा आणली होती, आणि आज डॉक्टरांना यंत्र पुसायला आतल्या खोलीत जाता येणार नव्हतं. ताई वाचू लागल्या. पायऱ्या वाजल्या. दार करकरलं. डॉक्टरीणबाईंचा चिमटा हवेत थांबला.

"मग कोण होतं दारात?" त्यांनी विचारलं.

"आधी दाढ," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी इतक्या घाईने दाढ काढली की आमच्या साडूंनी खुर्चीतून उठून, "छुलू कधी कलणाल?" असं विचारलं. पहिल्या प्रकरणातलं वाक्य अखेर खरं झालं. फक्त पेशंट बदलला.

"शेवटपर्यंत पाय वर होते तुमचे," ताई कौतुकाने म्हणाल्या.

डॉक्टरांनी गालातल्या कापसातून बरंच काही सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच निघाला की ती खुर्चीच तशी असते, मागे कलली की पाय आपोआप वर जातात.

"तेही लिहा," ताई म्हणाल्या आणि डॉक्टरीणबाईंकडून पेन मागून घेतलं. छापखान्यातलं कोरं पान त्याच संध्याकाळी भरलं. पुस्तक आता निघालं आहे. प्रस्तावना एका वाक्याची आहे: "माझे यजमान घाबरट आहेत, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, बाकीच्या मजकुरावर वाचकांनी त्या हिशेबाने विश्वास ठेवावा."

डॉक्टर ते पान पेशंटला आधी वाचायला देतात. मग गुणगुणायला लागतात. पेशंटही त्यांच्या सुरात सूर मिळवतो, जमेल तसा, तोंड उघडं ठेवून.