दुसऱ्या फटक्याची माफी

"विचार त्याला, दुखतंय का अजून," सातूर म्हणाला.

रामिरोने पाहुण्याला इंग्रजीत विचारलं. पाहुण्याने पट्टी बांधलेलं मनगट वर उचललं, गोल फिरवून दाखवलं आणि तोंडभर हसला. त्याचं नाव ट्रेव्हर. ऑस्ट्रेलियाचा. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मजबूत खुर्चीवर त्याला बसवलं होतं, तरी ती कुरकुरत होती. येताना चॉकलेटचा डबा घेऊन आला होता, म्हणजे आईबापांनी काहीच शिकवलं नव्हतं असं नाही.

"दुखतंय म्हणतो, पण राग नाही," रामिरो म्हणाला. "मनाने फार चांगला आहे हो, सातूरकाका."

"मग झालं," सातूर म्हणाला आणि पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्श्यात बुडवला.

झालं कसलं! त्याच दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याने, याच सातूरने, भर रस्त्यात, अख्ख्या वाल्देसोतो गावाच्या देखत, त्या मनगटावर काठी हाणली होती. कोणीतरी गॅलरीतून ते टिपलं आणि जेवायची वेळ होईपर्यंत जगभरच्या लोकांनी ते फोनवर बघितलं. हिरव्या शर्टातला एक म्हातारा एका परदेशी पोराला बडवतोय, एवढंच त्यात दिसत होतं. वळू कुठे आहे, कोण पडलंय, ते काही दिसत नव्हतं.

सातूर वर्षभर भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यात मिरच्या भाजायच्या भट्टीवर असतो. तिथे त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. घरातही बोलते ती मीच, तो हुंकार देतो. पण ऑगस्टात सान रोके या संताचा सण आला आणि गावच्या रस्त्यांतून वळू पळवायला लागले, की तो गुराख्यांचा हिरवा शर्ट चढवतो आणि त्यांच्याबरोबर वळूंच्या मागून धावतो. त्याची ती लांब काठी बघून परक्या माणसाला वाटतं, ही वळूंसाठी. वळूला काठी कशाला हवी? पुढे माणसाळलेले बैल असतात, वळू आपले त्यांच्या मागोमाग मैदानाकडे पळतात. काठी माणसासाठी असते. जो मागून जाऊन वळूला हात लावतो, शेपूट ओढतो, त्याच्यासाठी. कारण कळपातून तुटलेला वळू मागे फिरला, की मागे जे कोणी रस्त्यात पडलेले असतील त्यांचं काही खरं नाही.

ही काठी तो स्वतः करतो. थंडीत नदीकाठी जाऊन सरळ फांदी तोडतो, साल काढतो आणि वाळेपर्यंत आमच्या कपाटाखाली दाबून ठेवतो. आमची थोरली जन्मली तीही सणातच. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, काठी बाहेर ठेवून आत या. हा तिच्याशी वाद घालत बसला नाही, आणि काठीही ठेवली नाही. काचेतूनच पोरीचं तोंड पाहिलं आणि परत गेला. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. सवत परवडली असती, तिच्याशी निदान भांडता तरी येतं.

तर त्या सकाळी बेकरीच्या कोपऱ्यावर शेवटचा वळू घसरून पडला. उठेपर्यंत बाकीचे पुढे निघून गेले होते. त्याच्या मागे गटारापाशी बेकरीवाल्याचा जावई आडवा झाला होता, डोक्यावर हात घेऊन, निपचित, जसं पडून राहायला हवं तसाच. आणि हा ट्रेव्हर धावत आला, एका हाताने वळूचं शेपूट धरलं, दुसऱ्या हाताने फोन उंच धरला आणि फोनकडे बघून हसला. वळू गर्रकन मागे फिरला. सातूरने मनगटावर काठी घातली तसं शेपूट सुटलं, दुसऱ्या हातातला फोनही उडाला. वळूने जावयाची विजार फाडली, मागे भिंतीचा गिलावा पाडला, आणि मग सातूर त्याच्या तोंडासमोरून पळाला तसा त्याच्या मागे निघून गेला. वळू मैदानात पोचल्यावर सातूर परत आला आणि त्या पोराच्या बुडावर आणखी एक सणसणीत ठेवून दिला.

"त्याला फोनवर लाखो लोक बघतात, मावशी," रामिरो मला समजावत होता.

"बघतात म्हणजे करतात काय?"

"बघतात."

"नुसतं?"

"नुसतं."

हा रामिरो हल्ली नगरपालिकेत सणाचा कारभार बघतो. त्याची आई कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायची तेव्हा हा याच टेबलाशी बसून जेवायचा, आणि कांदा दिसला की टेबलाखाली लपायचा. आता अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात लाल रुमाल, आणि घामाने दोन्ही भिजलेले.

"काका, नगराध्यक्ष मला फाडून खातायत. हॉटेलवाले वेगळे. असंच पसरलं तर पुढल्या वर्षी इथे चिटपाखरू येणार नाही. तुम्ही नुसतं 'माफ कर' म्हणा, मी फोनवर घेतो, हात मिळवा, की संपलं. उद्या सकाळी आपले नेहमीसारखे धावा. नाहीतर..." तो माझ्याकडे बघायला लागला. "नाहीतर उद्या तुम्ही रस्त्यावर नको. आणि यापुढेही नको."

"म्हण की रे," मी म्हटलं. "माफी मागून कोणाची जीभ झडलेली ऐकली नाही मी."

मला ती माफी हवीच होती. एका वर्षी सातूरचा घोटा मोडला होता आणि सणात तो घरी होता. मी म्हटलं, गॅलरीत बसून बघ. तो न्हाणीघरात गेला, आतून कडी लावली, नळ सोडला आणि सगळं संपल्याचं रॉकेट उडेपर्यंत बाहेर आला नाही. त्या वर्षीचा हिवाळा माझ्या लक्षात आहे. मिरच्यांच्या त्या धगीपुढे तो कशाच्या जोरावर उभा राहतो, हे त्याला नसेल माहीत, मला माहीत आहे.

"मागतो," सातूर म्हणाला.

रामिरोने फोन काढला.

"दुसऱ्या फटक्याची मागतो."

"म्हणजे?"

"दुसरा मी रागाने मारला. तोवर वळू गेला होता. मारायला नको होता. चुकलं माझं." त्याने पाव खाली ठेवला. "पहिल्याची नाही मागणार."

"अहो काका, पहिला काय, दुसरा काय! सरसकट म्हणा ना."

"सरसकट नाही."

रामिरोने ते ट्रेव्हरला सांगितलं. ट्रेव्हर खो खो हसला.

"दुसरा त्याला आठवतच नाही म्हणतो. त्याचं म्हणणं आहे, मनगटाचं बोला."

"मला आठवतो ना," सातूर म्हणाला. "त्याचीच मागतो."

लग्न झाल्यापासून मी या माणसाला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. एरवी मला कौतुक वाटलं असतं. तेव्हा मात्र वाटलं, डोक्यात रश्श्याचा डाव घालावा. मी तसं बोलूनही दाखवलं. त्याने हुंकार दिला.

मग ट्रेव्हरच काहीतरी बोलला आणि रामिरोचा चेहरा उजळला. "बघा, किती दिलदार आहे! म्हणतो, माफीबिफी राहू दे. आठवण म्हणून ती काठी मला द्या. उद्या चौकात सगळ्यांसमोर द्यायची, मी नवीन काठी आणून ठेवतो, ती घ्या आणि धावा."

मला हायसं वाटलं. काठी काय, लाकूडच ते. थंडीत दुसरी होईल. सातूरलाही तसंच वाटलं असावं, कारण तो उठला, बोळातून काठी घेऊन आला आणि मुकाट्याने ट्रेव्हरच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, निरखून पाहिली, वास घेतला. त्याला ती मनापासून आवडली होती, एवढं मी कबूल करते.

नंतर तो उभा राहून रामिरोशी बराच वेळ बोलला. रामिरो टेबलावरच्या कापडाकडे बघत ऐकत होता.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही, गंमत आहे एक. उद्या चौकात, हिरव्या शर्टातच... काकांनी जरा पाठमोरं वाकायचं. तो हलकेच एक लगावणार. लुटुपुटूचा हो! मग दोघांनी हसायचं, गळाभेट घ्यायची. फिट्टंफाट. लोकांना फार आवडेल म्हणतो."

ट्रेव्हरला वाटलं, आम्हाला समजलं नाही. त्याने रामिरोला खूण केली. आणि रामिरो वाकला. माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. ट्रेव्हरने काठी उगारून त्याच्या बुडावर हळूच टेकवली आणि तोंडाने फटक्याचा आवाज काढला. दोघेही हसले. ट्रेव्हर मोकळेपणाने हसला. रामिरोचं ते हसणं मात्र मला बघवलं नाही. ज्या पोराला मी या टेबलाशी मांडीवर घेऊन भरवलं, ते तिथेच असं वाकून हसत होतं, आणि उद्या माझ्या नवऱ्याने भर चौकात तसंच करावं म्हणत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव ती काठी," मी ट्रेव्हरला आमच्याच भाषेत म्हटलं. त्याला बरोबर कळलं. त्याने काठी टेबलावर ठेवली.

"मावशी, अहो..."

"नाही," सातूर म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

"काका, नीट विचार करा. मग उद्या मला काही करता येणार नाही."

"नाही म्हटलं ना."

"ऐकलंस?" मी म्हटलं. "त्याचं एक 'नाही' म्हणजे माझी शंभर. आणि तुला हिशेब लागत असेल तर ती शंभरही घे."

अंगणातल्या दोरीवर हिरवा शर्ट वाळत होता. तो काढून आणला, ओलाच घडी केला आणि रामिरोच्या हातात दिला. वर चॉकलेटचा डबा ठेवला.

"इस्त्री तू कर. तुला छान जमते."

ट्रेव्हर एकदा माझ्याकडे आणि एकदा सातूरकडे बघत होता. आपलं काय चुकलं, हे त्याला खरोखरच समजत नव्हतं. मला त्याची कीव आली. दाराशी पोचेपर्यंत टिकली ती.

संध्याकाळी रामिरोचा फोन आला. वाकायचं राहू द्या, काहीच नको, नुसती काठी द्या, सकाळी मी घेऊन जातो. पुढल्या वर्षी काकांना धावू द्या म्हणून मी नगराध्यक्षांशी बोलेन. मी सातूरला सांगितलं. त्याने हुंकार दिला. होय की नाही ते मलाही कळलं नाही.

सकाळी तो नेहमीच्या वेळी उठला. पांढरी विजार घातली, दोरीच्या तळव्यांच्या चपला पायात घालून नाड्या घट्ट बांधल्या. मी विचारलं नाही. त्याने काठी घेतली आणि मागच्या दाराने नदीकडच्या आमच्या भाजीच्या वाफ्यात गेला. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून टोमॅटोच्या वेलाला आधार देत होता. यंदा वेल फळांनी लगडून जमिनीवर लोळत होते. काठी हातभर खोल गाडली होती.

थोड्या वेळाने मी पाइपाने वाफ्याला पाणी घालत होते, तेव्हा कुंपणाशी रामिरो आला. एकटाच होता. रात्रभर झोपला नव्हता असं दिसत होतं.

"काका, काठी?"

"कामावर आहे," सातूर म्हणाला.

रामिरोने काठी पाहिली. तिला बांधलेला वेल पाहिला, त्यावरचे पिकायला आलेले टोमॅटो पाहिले.

"काढून घेऊ का? दुसरी लावू आपण."

"रामिरो," मी म्हटलं, "माझ्या हातातल्या पाइपात पाणी आहे हं."

गावातून बँडचा आवाज यायला लागला तसा तो निघून गेला.

पहिलं रॉकेट उडालं. वळू सुटले. सातूरचे हात थांबले. गावातून लोकांचा गलका आला, बेकरीच्या बाजूने चढत गेला आणि मैदानाकडे सरकला. इथपर्यंत नेहमीसारखं होतं. मग शेवटच्या रॉकेटची वेळ झाली. ते उडालं नाही. गलका परत मागे आला, बेकरीकडे, आणि एकदम बंद पडला.

सातूर उभा राहिला.

"एक मागे राहिलाय," तो म्हणाला.

वाफ्यातून कोपऱ्यापर्यंत गल्ली सरळ आहे, तो धावत गेला असता तर पोचला असता.

"जा हवं तर," मी म्हटलं. खरंच म्हटलं. मनापासून.

"शर्ट नाही," तो म्हणाला.

त्याने काठीचं टोक मुठीत धरलं होतं आणि वरची पानं हलत होती. मी नदीकडे बघत होते, कारण त्याच्याकडे बघणं मला जमेना. मग रॉकेट उडालं. सगळे आत पोचले होते. गावात टाळ्या वाजल्या, बँड सुरू झाला.

सातूरने मूठ सोडली, खाली बसला, पडलेला दुसरा वेल उचलून काठीला लावून धरला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"दोरी दे," तो म्हणाला.